जंतूकाकांचा सोवळा हौद

जनगणनेच्या बाई आमच्या इमारतीत आल्या तेव्हा जंतूकाकांच्या दारात त्यांचा अर्धा तास मोडला. घरात माणसं किती, या प्रश्नावर काकांनी ‘दोन’ म्हटलं आणि लगेच पुस्ती जोडली की ही फक्त दिसणारी. पोटातले, कातडीवरचे, विरजणातले धरायचे असतील तर बाई, तुमचा कागद पुरायचा नाही. बाईंनी मुकाट्याने ‘दोन’ लिहिलं आणि प्यायला पाणी मागितलं. माणूस वेडा नव्हता, पण समोरच्याला तशी शंका यावी याची काळजी तो नीट घ्यायचा.

भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून आमची सोसायटी. काका मूळचे संगमेश्वरकडचे, परळची खोली विकून इथे आलेले. जन्मभर एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी वाफेवर निर्जंतुक करायचं काम. म्हणजे नोकरीच जंतू मारायची. निवृत्त झाले आणि थेट जंतूंच्या पार्टीत गेले. इतकी वर्षं मारले, आता थोडे पोसतो, म्हणायचे. पोरांनी ‘जंतूकाका’ नाव ठेवलं ते त्यांना इतकं आवडलं की दारावरच्या पाटीवर घालायला निघाले होते. काकूंनी अडवलं म्हणून राहिलं.

एकदा त्यांना टायफॉइड झाला. आम्हाला वाटलं, आता हे गोळ्या घ्यायचे नाहीत. छे! घड्याळ लावून पूर्ण कोर्स घेतला. अर्धवट मारलेला जंतू शहाणा होऊन परत येतो, असं त्यांचं मत. पण त्या गोळ्यांनी पोटातले भले जंतूही गेले, याचं त्यांना खरंखुरं दुःख झालं. मग महिनाभर रोज ताक. भेटायला येणाऱ्याला पोटावर हात ठेवून सांगायचे, वस्ती परत बसतेय, वेळ लागणार.

पंपाच्या खोलीमागे त्यांनी विटांचा एक हौद बांधला. त्यात इमारतीतला ओला कचरा, बदामाची पडलेली पानं, खारीतल्या तबेल्यातलं शेण आणि वरून गूळ घालून आंबवलेलं ताक. वास आला की आम्ही नाक धरायचो, काका नाक पुढे करायचे. आंबूस आला तर ओलं जास्त झालंय, सुकी पानं घाला. काहीच आला नाही तर बिचारे उपाशी आहेत. ‘घाण’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

खरं रामायण झालं ते निर्माल्यावरून. काकांचं म्हणणं, गणपतीची फुलं खाडीत कशाला टाकता, हौदात द्या. झालं! देवाची फुलं कांद्याच्या सालांत? काकांनी वाद घातला नाही. शेजारी दुसरा हौद बांधला, मध्ये भिंत घातली आणि जाहीर केलं, हा सोवळा, तो ओवळा. जंतू भिंत ओलांडणार नाहीत कशावरून, असं कोणी विचारलंच तर गंभीर चेहऱ्याने सांगायचे, मी बजावून ठेवलंय. लोकांचं समाधान झालं. आपलं समाधान तेवढ्यात होतं हो.

कमिटीला मात्र ती जागा स्कूटरींसाठी हवी होती. शेवटी ठरलं की काकांना एक वर्ष द्यायचं. वार्षिक सभेपर्यंत खत दिसलं तर हौद राहतील, नाहीतर तोडून लाद्या बसवायच्या. सेक्रेटरी मी. म्हणजे दुसरं कोणी तयार होत नव्हतं म्हणून मी. त्याआधीची तीन वर्षंही तसंच. त्या वर्षभर काका दिवसातून चारदा हौदाशी जायचे, तापातल्या नातवाच्या उशाशी जावं तसे.

आता माझा पराक्रम. गणपतीला काका-काकू गावी गेले होते. मी सोवळ्या हौदात डोकावलो तर पांढरी बुरशी आणि वळवळत्या अळ्या. यात देवाची फुलं टाकायची? माझ्यातला भाविक आणि माझ्यातला सेक्रेटरी एकदमच जागे झाले. सोसायटीच्या कपाटात फिनेलच्या सहा बाटल्या होत्या. सहाही ओतल्या. एकाला आणि दुसऱ्याला नाही असं नको, म्हणून ओवळ्यालाही वाटा दिला. वर ब्लीचिंग पावडर भुरभुरली, अंघोळ केली आणि देवासाठी काहीतरी केल्याच्या आनंदात आरतीला उभा राहिलो.

काका परतले, हौदावर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मी गॅलरीतून बघत होतो. काय करून बसलो ते तेव्हा कळलं. काकांनी पुन्हा शेण आणलं, ताक ओतलं, पानं बदलली. पण सभा तीन आठवड्यांवर आलेली आणि हौदातल्या झेंडूचा रंगसुद्धा उतरेना.

सभेत खजिनदार शहाभाईंनी विचारलं, “अंकल, एक साल हो गया. खाद किधर है?”

मी इतिवृत्त लिहीत होतो. मान वर केली नाही.

“माझा अंदाज चुकला,” काका म्हणाले आणि खाली बसले.

ते वाक्य मी माझ्याच अक्षरात लिहून घेतलं. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. पण बोललो का? नाही बोललो. आठवड्याभरात हौद तुटले.

डिसेंबरात काका-काकू मुलीकडे नाशिकला कायमचे निघाले. सामान टेम्पोत चढल्यावर काका माझ्याकडे आले, पाणी प्यायले.

“सेक्रेटरी, फिनेलच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, एका बादलीला दोन झाकणं. तू सहा बाटल्या ओतल्यास. वाचत जा रे. आणि रिकाम्या बाटल्या पंपाच्या खोलीत ठेवू नयेत.”

मग सभेत का नाही सांगितलं, एवढंच मी कसंबसं विचारलं.

“तू राजीनामा दिला असतास. हौद काय, परत बांधता येतो. सेक्रेटरी कुठून आणायचा?”

आणि हसत हसत जिना उतरून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेल्याचा फोन आला. त्या वर्षीच्या सभेत मी उठून उभा राहिलो. हौद मी मारले, काकांचा अंदाज चुकला नव्हता, हे इतिवृत्तात घ्यायचं आहे, असं सांगितलं. कोणीतरी रागवेल, चार शब्द सुनावेल, अशी मी वाट बघत होतो. मला ते हवेच होते. मग शहाभाईंनी चष्मा काढला.

“वो सब ठीक है. पर आप सेक्रेटरी तो रहेंगे ना?”

सगळी सभा काळजीने माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं. सभा पुढच्या विषयावर गेली, आणि पाण्याच्या टाकीच्या गळतीवर चर्चा चालू असताना, भर सभेत, मला रडू फुटलं.