कुरड्यांवरची धूळ

माझे अक्षर वेडेवाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ पहिल्यापासूनचा. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पेन्सिल हातात आली ती किराण्याची यादी करण्यापुरती. यांच्या जुन्या नकाशांची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर लिहिते. चुकले असेल तिथे समजून घ्यावे. कोणाला दाखवायचे नाही, म्हणूनच एवढे धाडस होते.

हे भंडाऱ्याकडचे. नागपुरात डिप्लोमा केला आणि भिलाईच्या कारखान्यात लागले. काम हवेचे. लोखंड वितळते तिथे वर क्रेनवर माणूस बसतो, त्याच्या केबिनमध्ये गार हवा पोचवायची. भट्टीजवळची गरम हवा बाहेर ओढायची. माहेरी सगळे विचारत, "जावई काय करते?" मी सांगे, "हवा देतात." माझा भाऊ म्हणाला, "सायकलच्या दुकानात काय?" सगळे हसले, मीही हसले. मला समजावून सांगता येत नव्हते.

यांचा पाय कुठे टिकत नसे. सिनेमाला गेलो तरी पडदा सोडून भिंतीवरच्या हवेच्या जाळ्या बघत. एक दिवस नोकरी सोडून आले, म्हणाले, आता हवेची कामे स्वतःच घेणार. सेक्टरमधले कारखान्याचे क्वार्टर गेले आणि आम्ही जामुलच्या रस्त्याला दोन खोल्यांत आलो. माझा तेव्हापासून कशात जीव लागेना. भात चढवला की मी दारात, दारातून परत चुलीपाशी.

पहिले मोठे काम दोनेक वर्षांनी जवळच मिळाले. एका शेठचा विजेच्या मोटारींच्या तारा नव्याने गुंडाळायचा कारखाना होता. ओल्या वार्निशवर धूळ बसली की मोटर वाया, म्हणून त्याला बाहेरची हवा स्वच्छ करून आत हवी होती. पौषाचे दिवस होते. शेठ नकाशा बघायला घरी आले. मी पडद्यामागे चहा गाळत होते.

"हवा मागच्या भिंतीतून घेऊ," हे म्हणाले. "पुढे जनरेटरचा धूर आहे. मागे मी उदबत्ती लावून पाहिली, धूर सरळ वर जातो."

उदबत्ती माझ्याच देवघरातली होती. मागे शेतापलीकडे गिट्टी फोडायची मशीन होती, आणि मला ठाऊक होते की होळी झाली की वारा फिरतो. थंडीत तिकडून काही येत नाही. पण होळीनंतर मी गच्चीवर कुरड्या घालत असे, तेव्हा त्याच बाजूने बारीक पांढरी धूळ येई. मी मलमलचे धोतर वर घालून वाळवत असे. हे सगळे मला त्या पडद्यामागे आठवले. ओठापर्यंत आले. मग वाटले, परके माणूस बसलेले, आणि हे इंजिनियर. मी चहा सरकवला आणि आत गेले.

शेठ गेल्यावर तरी सांगायला हवे होते. तेही झाले नाही.

होळीनंतर आठ दिवसांत हवा गाळायला लावलेल्या वाळ्याच्या ओल्या ताट्यांवर चिखल बसला. धूळ आत गेली, तीस मोटारी खराब झाल्या. शेठ म्हणाला, "इंजिनियर साब, ये हवा है कि आटा?" पैसे अडले. हवा नेणारे पत्र्याचे सगळे नळ काढून दुसऱ्या बाजूला न्यायचे होते, तेही आमच्या खर्चाने.

शेजारच्या काकूंनी नऊ हजार दिले. त्यांचे यजमान गेल्यावर फंडाचे मिळालेले पैसे होते ते, लेकीच्या लग्नाला ठेवलेले. "लग्न ठरलं तवा दे," एवढेच म्हणाल्या. काम दुरुस्त झाले, पण शेठने नुकसान कापून थोडेच हातावर ठेवले. ते पत्र्यावाल्याला गेले.

नळावर काकू दिसल्या की माझी बादली अर्धीच भरे. त्या कधी विचारत नसत. विचारले असते तर बरे झाले असते. मग दिवाळीनंतर त्यांनी पेढा दिला. पोरीचे ठरले होते, वैशाखातले. पेढा हातात धरून मी घरात आले आणि यांना धुळीचे सगळे सांगितले.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग बोलली कावून नाही?"

"शेठ बसून होते. अन् मी चौथी शिकली. तुमाले काय सांगू?"

हे उठून नकाशे चाळू लागले. चिडतील म्हणून मी उगीच डबे पुसत राहिले. मग म्हणाले, "चप्पल घाल."

मोहन नगरात एका डॉक्टरचा दवाखाना बांधणे चालू होते, ऑपरेशनच्या खोलीच्या हवेचे काम यांना मिळत होते. मला घेऊन तिथे गेले आणि म्हणाले, "सांग आता." मला काय समजणार? ती जागा मी पहिल्यांदाच बघत होते. म्हटले, "इथल्या बायकायले विचारते."

परक्या घराची कडी मी पहिल्यांदा वाजवली ती त्या दिवशी. छत्तीसगढी म्हातारी होती. मी विचारले, उन्हाळ्यात बरी, म्हणजे वड्या, कुठे सुकवता? तिने एक कोपरा दाखवला. "अउ ओती?" मी दुसरीकडे बोट केले. "ओती नहीं बेटी, धुर्रा आथे," ती म्हणाली. धुर्रा म्हणजे धूळच. हवा आम्ही तिच्या कोपऱ्याकडून घेतली. डॉक्टर म्हणाले, शेवटचा हप्ता उन्हाळा लागल्यावर, खोली बघून देईन.

होळी झाली. वारा फिरला तसे मला घरात बसवेना. यांच्यामागे दोनदा दवाखान्यात गेले. दुसऱ्यांदा हे शिडीवर चढले आणि माझा पांढरा रुमाल जाळीवरून फिरवून खाली टाकला. मी तो उन्हात नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. पांढराच होता.

"कुरड्या घाल," हे वरून म्हणाले.

हप्ता चैत्र संपता संपता मिळाला. मी नऊ हजार रुपये कुरड्यांवरच्या त्याच मलमलच्या धोतराच्या तुकड्यात बांधून काकूंकडे नेले. त्यांच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. त्या पुडी तशीच कपाटात ठेवू लागल्या. मी म्हटले, "काकू, मोजून घ्या."

"तुह्यावर भरोसा हाये माहा."

"माह्यासाठी मोजा."

त्या खाली बसल्या आणि बोटाला थुंकी लावून मोजू लागल्या. मी उभी राहून बघत होते. पूर्ण भरले.