एकच खोटं बोलणारी लेन्स

कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर मी स्क्रीनवर फोटो मोठा करून बघत होतो आणि चिडलो होतो. जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याचं नाक स्पष्ट, डोळे धूसर. माझ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात डोळा लावायच्या खिडकीतल्या दोन प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस झाला, आणि त्या मी चोख बसवल्या होत्या. चूक माझी नव्हतीच.

शेजारी फ्रॉकमधल्या, सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. गळ्यात तसलाच कॅमेरा, चष्मा केसांत खोवलेला. "माका बघूक दी," म्हणत त्यांनी माझा कॅमेरा घेतलासुद्धा. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं आणि वाळूत तिरप्या पसरलेल्या जाळ्याला ओवलेल्या तरंगत्या गोळ्यांपैकी मधल्यावर फोकस केला. फोटोत स्पष्ट आला तो त्याच्या अलीकडचा गोळा. पुन्हा काढला, पुन्हा तोच.

"लेन्स खोटा बोलता रे झिला. पण दर खेपेक एकच खोटा बोलता. मगे रागावतस कित्याक? दोन्ही चित्रां जुळली काय वायच फुडे वाक."

"दुरुस्तीलाच टाकणार आहे," मी म्हणालो.

"टाक. पण तो म्हातारो आज हंय बसलो आसा."

मी प्रतिमा जुळवल्या, श्वास धरला आणि बोटभर पुढे झुकलो. म्हाताऱ्याचे डोळे लख्ख आले. मग तसाच वळून बाईंचाही फोटो काढला. त्यांनी बघितलासुद्धा नाही. स्वतःचा कॅमेरा डोळ्याला लावून त्या देवळाकडे निघाल्या होत्या.

लेन्स अजून तशीच आहे. बाईंचं नाव मला माहीत नाही, पण त्या फोटोतली त्यांची पापणी अन् पापणी मी ओळखतो.