हाकेला येणारी उंटीण

माझा मुलगा कतारमध्ये एका अरबाकडे ड्रायव्हर आहे. आमचं माणदेशातलं मेंढपाळाचं घर. मी जन्मभर मेंढरांमागं फिरले, हे मालकाच्या आईला कळलं आणि तिनं हट्टच धरला, त्या बाईला बोलावून घ्या. म्हणून या हिवाळ्यात मी विमानात बसले.

मुऐदरला मालकाचा मोठा बंगला आहे, पण म्हातारी तिथं टिकत नाही. ती रानात इझबावर राहते. इझबा म्हणजे कुंपण घातलेली जनावरांची वस्ती. मी पोचले तशी तिनं मला हाताला धरून सगळी वस्ती हिंडवली. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. मधे माझा मुलगा. ती सांगत होती, जमिनीतून तेल-गॅस निघायच्या आधी इथं काही नव्हतं. पाऊस पडला की त्यांची माणसं उंट घेऊन चाऱ्यामागं निघायची आणि उन्हाळ्यात विहिरीजवळ परतायची. बायका बकऱ्यांच्या केसांचे काळे तंबू विणायच्या. लग्नात बापानं तिला उंटीण दिली होती. मी म्हटलं, मला मेंढी दिली होती, ती लांडग्यानं नेली. यावर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

त्या उंटिणीच्या वंशातली आता एकच राहिली होती. म्हातारीनं तिला हाक मारून दाखवली. आम्ही मेंढरं माघारी बोलावतो तशीच, लांब, घशातून. उंटीण तोंडातला चारा टाकून पार पलीकडच्या कुंपणापासून पळत आली आणि तिच्या खांद्यावर मान टाकून उभी राहिली.

म्हातारी म्हणाली, उद्या ही शर्यतीत पळणार आणि पहिली आली की विकली जाणार. गिऱ्हाईक परदेशातून आलं होतं. मालकानं शब्द दिला होता.

मी विचारलं, "तुमचं ऐकत नाही का तुमचा लेक?"

"तुझा ऐकतो?" ती म्हणाली. हे मला सांगताना माझ्या मुलानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी शहानियाच्या मैदानावर गेलो. उंटाच्या पाठीवर माणूस बसवत नाहीत, छोटं यंत्र बांधतात. त्याला चाबूक आणि कर्णा असतो. मालक शेजारून गाडी पळवत वॉकीटॉकीवर ओरडतो आणि ते उंटाच्या पाठीवर वाजतं. आमची गाडी माझा मुलगा चालवत होता, मालक त्याच्या शेजारी, आम्ही दोघी मागं.

उंट सुटले आणि मी सीटवर बसलेच नाही. पुढची सीट धरून अर्धी उभी होते. काय ते पळणं! लांब पाय, धुळीचा लोट, बाजूनं गाड्याच गाड्या, सगळे भोंगे वाजवतायत. आमची उंटीण तिसरी, मग दुसरी, मग पहिली. मालक "यल्ला, यल्ला" ओरडून घसा फोडत होता. मीही ओरडत होते. म्हातारी तेवढी नुसती उंटिणीकडं बघत होती. तिचे डोळे भरलेले बघून मी ओरडायची थांबले.

तेवढ्यात मालकाचा फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं. मालकानं वॉकीटॉकी दोन सीटांच्या मधे टाकली आणि हसत बोलायला लागला.

मी ती उचलली आणि म्हातारीच्या हातात दिली.

तिनं बटण दाबून हाक मारली. उंटीण जागच्या जागी थांबली. मान वळवून आपल्याच पाठीकडं बघायला लागली, म्हातारी कुठं दिसते का म्हणून. बाकीचे उंट शेजारून निघून गेले. ती गोल गोल फिरत राहिली.

मालकानं मागं वळून काहीतरी विचारलं. म्हातारीनं सरळ माझ्याकडं बोट केलं. मी पाहुणी, मला काय बोलणार? तो आईकडं बघत राहिला. फोन अजून कानालाच होता. मग त्यात एकच शब्द बोलला, "खलास," आणि फोन खिशात टाकला.

"आये, माझी नोकरी घालवशील," मुलगा पुटपुटला.

"तू पुढं बघून गाडी चालव," मी म्हटलं.

म्हातारी खिडकीची काच खाली करत होती. तिनं परत हाक मारली, यावेळी वॉकीटॉकीशिवाय.