ओंजळभर ज्वारीचं लेकरू

त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता. नवऱ्याशी धरावा तसाच, चांगला गाल फुगवून. माहेराहून आणलेल्या पितळी बाळकृष्णाला लग्नापासून मी रोज न्हाऊ घालत आले, लोणी-साखर दाखवत आले, आणि माझी स्वतःची दोन लेकरं मात्र बारसं व्हायच्या आधीच गेली. दुसरं गेलं त्या दिवशी मी त्या एवढ्याशा मूर्तीला तोंडावर म्हणाले, "तू रांगतोस, लोणी खातोस, आणि माझी लेकरं मातीत? वा रे वा देवा!" तेव्हापासून मी देव्हाऱ्यातल्या दिव्यात तेल घातलं नाही. सासूबाई गुपचूप लावायच्या आणि मी पाहिलं न पाहिलं करायची.

आम्ही तेव्हा फुलसावंगीला राहत होतो. हे शाळेत मास्तर. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं तो हिवाळा होता, आणि कागद नागपूरऐवजी मुंबईला का जावेत यावर हे रोज जेवताना वाद घालायचे. ऐकायला मी आणि सासूबाईच, त्यामुळे जिंकायचेही रोज. मला कशातच गोडी नव्हती. मला पुन्हा दिवस गेले होते, माहेरी आई उरलेली नव्हती, आणि हेही लेकरू जाणार असं मी मनाशी धरूनच चालले होते. आशा करायचीच नाही, म्हणजे मोडायचीही नाही, असा माझा हिशेब होता.

गावच्या दवाखान्यात एक ख्रिस्ती नर्सबाई होत्या. अंगावर पांढरं स्वच्छ लुगडं, पायात पुरुषी वहाणा, हातात काळी छत्री. नवरा फार पूर्वी वारलेला, एकुलती एक मुलगी नागपूरला नर्सचंच शिकत होती. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या, पण घरात अशा फारशा नसायच्याच. आज या वाडीत, उद्या त्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर, कुठं बाळंतीण अडली की निघाल्या. बाळंतपणाला हात घालण्याआधी त्या डोळे मिटून म्हणायच्या, "प्रभू, हात तुझे हायेत, वापर." एवढीच प्रार्थना. मला तेव्हा त्याचा रागच यायचा. हिचा देव बरा ऐकतो हिचं, असं वाटायचं.

सासूबाई त्यांना ओसरीच्या पुढं येऊ देत नसत. त्या येऊन गेल्या की पाणी शिंपडायच्या. नर्सबाईंना ते ठाऊक होतं. एकदा जाता जाता हसून म्हणाल्या, "आजी, सडा टाकाले मी आली की बरं पडते तुमाले, नाई का?" सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या, पण हसताना मी त्यांना पाहिलं.

मार्गशीर्षातल्या थंडीत मी दिवस भरायच्या आधीच बाळंत झाले; त्या वेळी सासूबाईंनी नाइलाजानं नर्सबाईंना आत घेतलं होतं. मुलगा झाला. मुलगा कसला, मांजराचं पिलू! रडणंही तसंच, म्यांव केल्यासारखं. मी एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तेवढ्यात सासूबाईंनी कोपऱ्यातलं सूप ओढलं, त्यात जुनं लुगडं अंथरलं आणि बाळाला त्यात ठेवून सूप थेट नर्सबाईंच्या पुढ्यात सरकवलं.

आमच्याकडे ही रीत आहे. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत, त्या घरात नवं लेकरू सुपात घालून परक्या बाईला देऊन टाकायचं. तिनं ते उचलायचं, आणि आईनं सूपभर धान्य मोजून लगेच विकत परत घ्यायचं. म्हणजे लेकरू त्या घरचं राहत नाही, विकतचं होतं, आणि मरणाची फसगत होते. घटकाभराचा खेळ. पण ख्रिस्ती बाईला लेकरू दिल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"तुमीच उचला," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरचा रस्ता मरणानं पाठ केला हाये. तुमच्या घरी यमाले कोन वळखते? तिकडं तो पाह्याले येनार नाई."

नर्सबाईंनी सुपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं त्या आता रागावतील, असलं काही आमच्यात चालत नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "आजी, मी खोटं खोटं नाई घेत. प्रभूचं नाव घेऊन उचललं, म्हंजे लेकरू माह्यं. मी म्हनीन तवा वापस, तोवर माह्याच घरी. मंजूर असन त सांगा."

सासूबाई गांगरल्या. त्यांना सूप इकडून तिकडं सरकवायचं होतं, एवढंच. पण शब्द तोंडातून गेला होता. त्यांनी मान हलवली. नर्सबाईंनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि त्यांनी सूप उचललं. मग वाकून मला म्हणाल्या, "तू दूध पाजाले येजो पोरी. पन माय म्हनून नाई, मजुरीची बाई म्हनून. माय आता मी."

"अवं, बाळंतीण उंबरठा वलांडते काय? सोयर हाये तिले!" सासूबाई ओरडल्या.

"लेकरूच तिचं नाई, त सोयर कायचं?" असं म्हणून नर्सबाई सुपासकट चालत्या झाल्या. सासूबाईंना शास्त्रात कोणी हरवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढं कळला त्यांचा मनसुबा. लेकरू आमच्याकडे राहतं तर शेगडीच्या धुरात, गुळपाण्याच्या बोळ्यात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांत दोन दिवसांत संपलं असतं. आमचीच रीत धरून त्यांनी ते आमच्या तावडीतून सोडवलं होतं. त्यांच्या मागच्या खोलीत बांबूची टोपली होती. तिच्यात नुकत्याच वेचणीचा, सरकी काढलेला कापूस गच्च भरलेला, आणि भोवती फडक्यात गुंडाळलेल्या कोमट विटा. त्या कापसात माझं बाळ नाकाएवढंच दिसायचं. नर्सबाई त्याला कापशा म्हणायच्या. त्याला ओढता येत नव्हतं, म्हणून मी वाटीत दूध काढून द्यायची आणि त्या कापसाच्या वातीनं थेंब थेंब त्याच्या ओठांत सोडायच्या.

मला मांडीवर घेऊ देत नव्हत्या. "हात गरम कर आधी. अन् रडू नको त्याच्यावर, थंडी होते त्याले," म्हणायच्या. काय सांगू, जीव तुटायचा! आपलंच दूध, आपलंच लेकरू, आणि परक्या घरी परवानगी मागून बघायचं. एक दिवस मी भडकले. "तुम्ही सगळ्या गावाची सेवा करता, माझ्यावरच काहून एवढ्या कठोर?" त्या विटा पालटत होत्या. म्हणाल्या, "आमच्या शास्त्रात एक माय हाये. राजाच्या भेवानं तिनं लेकरू टोपलीत घालून नदीत सोडलं. राजाच्या पोरीले ते सापडलं. तिनं दूध पाजाले बाई ठेवली, ती त्याच लेकराची माय. आपल्याच लेकराले मजुरीनं पाजलं तिनं. पन जगलं ना ते? सोडलं म्हनून जगलं." घरी आले तेव्हा माझं लक्ष देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाकडे गेलं. तोही एकीच्या पोटचा आणि दुसरीच्या मांडीवर वाढलेला. इतकी वर्षं न्हाऊ घालूनही माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं.

गाव काही गप्प बसणार होतं थोडंच! "मास्तरीणबाईचं पोट्टं बाटलं," अशी कुजबुज सुरू झाली. ह्यांना शाळेत कोणी तोंडावर बोललं. हे घरी येऊन म्हणाले, "आणायचं का त्याला आता?" तुझं तू ठरव, असा त्यांचा सूर. मी म्हटलं, उद्या आणते. खरंच आणणार होते. बाळ थोडं चोखायलाही लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर नर्सबाई नव्हत्या. तांड्यावरून बोलावणं आलं होतं, मी दूध पाजायला येईपर्यंत बाळापाशी बसायला त्यांनी दवाखान्यातल्या शिपायाची बायको ठेवली होती, तीही मला पाहून गेली. मी टोपलीत वाकले. ओठ निळे. छाती हलत नव्हती, की इतकी बारीक हलत होती की मला दिसत नव्हती. हात लावला तर थंड. उचलावं आणि घरी पळावं असं आलं मनात, पण बाहेर झोंबणारा वारा, आणि "उबेतून काढू नको" हे नर्सबाईंचे शब्द कानात. मी तिथंच जमिनीवर बसले. आणि कितीतरी महिन्यांनी देवाशी बोलले. भांडले नाही. म्हटलं, "हे माझं नाही रे. तिनं तुझं नाव घेऊन उचललंय. तुझं आहे ते. ठेवायचं तर ठेव, न्यायचं तर ने. मी नुसती दूध पाजणारी." हे म्हणताना मी कोणत्या देवाशी बोलत होते, त्यांच्या की माझ्या, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही सांगता येत नाही.

दारात कांकणं वाजली. तांड्यावरची एक बाई उभी होती, डोक्यावर जळतणाची मोळी, ओढणीला आरसे. "याडी घरी नाई?" तिनं विचारलं. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, तांड्यावरच्या बायका नर्सबाईंना तेच म्हणायच्या. माझा चेहरा पाहून तिनं मोळी दारातच टाकली. टोपलीत पाहिलं, आणि मला न विचारता बाळाला उचलून थेट आपल्या काचोळीच्या आत, उघड्या छातीशी धरलं. वरून ओढणी, तिच्यावर माझी शाल. मग बसून एका बोटानं त्याची पाठ चोळत राहिली, तळवे चोळत राहिली. "भिऊ नको," म्हणाली. "माह्यं पोट्टं बी असंच होतं. याडीनं मले शिकवलं." मी नुसती तिच्या ओढणीकडे बघत होते. किती वेळ गेला देव जाणे. मग त्या आरशांच्या आडून एक बारीक म्यांव ऐकू आलं, आणि मी मोठ्यानं रडले.

ती मला तसंच छातीशी धरायला शिकवून निघून गेली. उन्हं कलली तेव्हा नर्सबाई थकून आल्या. मी सगळं सांगितलं, पण त्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं. "कोन असन?" त्या म्हणाल्या, "अशा लई हायेत." मग बाळाला पाहून डोळे मिटून उभ्या राहिल्या. "मी तिकडं, अन् त्यानं तिले इकडं धाडलं. भागलं की नाई काम?" त्यांनी याहून जास्त अर्थ लावला नाही आणि मीही लावत नाही. घरी येऊन मी हातपाय धुतले, दिव्यात तेल घातलं आणि लावला. बाळ आणायचा विषय मी काढला नाही, ह्यांनीही काढला नाही.

होळीच्या आधी एक दिवस नर्सबाईंनी निरोप धाडला, "घेऊन जा तुमचा कापशा." गाल असे वर आले होते पोराचे! सासूबाई सूप भरून ज्वारी घेऊन निघाल्या. नर्सबाईंना ओसरीपुढं येऊ न देणाऱ्या सासूबाई त्या दिवशी त्यांच्या चुलीपर्यंत आत गेल्या. नर्सबाईंनी सुपातून एक ओंजळ ज्वारी घेतली, पदरात बांधली, आणि सूप मागं सारलं.

"अवं, पुरी घ्या ना. रीत हाये," सासूबाई म्हणाल्या.

"बाकी राहू द्या, आजी. पुरी घेतली त मंग माह्यं काय राह्यलं त्याच्यात?" त्या हसत होत्या, पण बाळ माझ्या हातात देताना त्यांचे हात लवकर सुटले नाहीत.

तो चालायला लागल्यापासून दर रविवारी त्यांच्याकडे जायचा. त्या भजन म्हणायच्या, हा टाळ्या वाजवायचा आणि घरी येऊन बाळकृष्णापुढं तेच म्हणायचा. सासूबाई नुसत्या म्हणायच्या, "सूर त चांगला हाये पोट्ट्याचा." नर्सबाई आल्यावर पाणी शिंपडणं कधी थांबलं ते आम्हा कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

तो शाळेत चांगला लिहूवाचू लागला त्या सुमारास गावात तापाची साथ आली. नर्सबाई घरोघर फिरल्या आणि शेवटी त्याच तापानं अंथरुणाला खिळल्या. मी जवळ होते. मुलगी नागपूरहून आली होती. शेवटपर्यंत विचारत होत्या, कोणत्या तांड्यावर कोण बाळंत व्हायची राहिली आहे. गावाबाहेर त्यांना माती दिली तेव्हा तांड्यातांड्यांवरून बायका आल्या होत्या, "याडी, याडी" करून आक्रोश करत होत्या. त्यांत ती आरशांच्या ओढणीची असेल का, मी पुष्कळ शोधलं. पाळकसाहेब म्हणाले, घरच्यांनी पुढं व्हावं. मुलीनं मूठभर माती टाकली. मग तिनं मागं वळून माझ्या पोराचा हात धरला आणि त्याला पुढं नेलं.

घरी येऊन आंघोळी झाल्या. तिन्हीसांजेला मी सवयीनं देव्हाऱ्यापाशी गेले, काडी ओढणार तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"दिवा नको लावू. सुतक हाये."

हे दारातून म्हणाले, "आई, सुतक कसलं? आपण तर त्याला विकत परत घेतला होता."

"घेतला?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "ओंजळभर ज्वारी घेतली व माय तिनं. सूप तसंच भरलेलं वापस आलतं. पोट्टं तिचंच हाये अजून. माय मेली त्याची. धा दिवस सुतक पाळन तो, अन् त्याच्यासंगं आपन."

पोरगं आजीच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडायला लागलं. मी देव्हाऱ्याचं दार ओढून घेतलं. एके काळी रागानं मी याच दिव्यात तेल घालणं सोडलं होतं. ते दहा दिवस मी रोज त्या बंद दारापुढं हात जोडून बसले आणि मला देव कधी इतका जवळ वाटला नव्हता. आजही मुलाला काही दुखलं-खुपलं की मी त्याला माझा म्हणून मागत नाही. ज्याचं आहे त्याच्या हवाली करते, हात गरम करते, आणि माझं काम करत राहते. सुपात परत आलेली ती ज्वारी सासूबाईंनी तेव्हा दळली नव्हती, त्याच वर्षीच्या मृगात पेरायला दिली होती.