जड हात

माझ्या बायकोलासुद्धा हे माहीत नाही. माझे बाकीचे दोष तिला तोंडपाठ आहेत आणि पाहुण्यांसमोर ती ते क्रमवार सांगूही शकते — पण हा नाही. मग तुम्हाला का सांगतोय? बहुधा तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता, तर मी आत्तासुद्धा दुसराच काहीतरी विषय काढला असता, आणि तो चांगला रंगवलाही असता.

विषय तसा हास्यास्पद आहे. एक ड्रमसेट. माझ्या भाचीसाठी घेतलेला, मधल्या किमतीचा. नवा घ्यायचा की वापरलेला, एवढाच प्रश्न होता. एवढ्याशा प्रश्नात माणूस वाईट वागून वागून किती वाईट वागेल?

आधी माझ्याविषयी थोडं. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात नोकरी केली. ओतकामाचे भाग यायचे, त्यांत कुठे चीर आहे का ते बघायचं. डोळ्यांना न दिसणारी चीर शोधायची आमची एक साधी पद्धत होती. भागावर लाल रंगाचं पातळ द्रव्य लावायचं, थोडं थांबायचं, वरचं सगळं पुसून टाकायचं आणि पांढरी पूड फवारायची. चीर असली तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो — केसासारखी रेघ. पुढे पुढे मला रंगाचीही गरज लागेना. नख फिरवलं की कळायचं.

घरी माझी ख्याती वेगळी होती. वाचणारा माणूस. आणि कुणाच्याही थाटामाटाला टाचणी लावणारा माणूस. लग्नातले फेटे, मंडळांचे फलक, सत्काराच्या शाली — माझ्या तावडीतून काही सुटायचं नाही. लोक हसायचे. आणि लोक हसले की आपण खरंच बोलतोय असं वाटायला लागतं — तुम्हाला होतं असं कधी?

माझी थोरली बहीण मखमलाबादच्या पुढे राहते. दाजींची फुलशेती — झेंडू, शेवंती, एका पॉलिहाउसात जरबेरा. मुक्ता त्यांची एकुलती एक. नाशकात ढोल वाजवायला कुणाला शिकवावं लागत नाही, थांबवायला लागतं. पण मुक्ताला पथकाच्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. तिला एकटीने बसून, दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामाला लावून, अख्खं गाणं धरून ठेवायचं होतं. कॉलेज सुटलं की ती क्लासला जायची आणि तिथल्या सेटवर आपली पाळी येईपर्यंत मांडीवर वाजवत बसायची. तिचा ठोका — कसा सांगू? — पडायचा तेव्हा तो आधीपासूनच तिथे होता असं वाटायचं. मला संगीतातलं फार कळत नाही. पण एवढं मला कळलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते कळत नसल्याचं सोंग घेतलं.

गणपतीतल्या फुलांना त्या वर्षी भाव लागला आणि दाजींनी ठरवलं की पोरीला ड्रमसेट घ्यायचा. तोही खंडेनवमीच्या आत. त्यांच्याकडे त्या दिवशी फवारणीचा पंप, कोयते, पिकअप — ज्याच्या ज्याच्या जिवावर घर चालतं ते सगळं धुऊन पुजतात. त्यात यंदा पोरीचं वाद्य असावं, ही त्यांची हौस.

दुकानात एक नवा निळा सेट होता. चकचकीत. दाजी त्याच्या अंगावरून तळहात फिरवत म्हणाले, "हाच घेऊ, शशीराव. पोरीचं पहिलं वाद्य हाय. कोरंच पाहिजे."

मी म्हणालो, "दाजी, ड्रम वाजवायचाय की नवरदेवाची गाडी सजवायचीय?"

दुकानदार हसला. मुक्ता हसली. दाजीही हसले — आणि त्यांनी हात काढून घेतला. तो काढून घेतलेला हात मला अजून दिसतो.

मग मी भाषण दिलं. तेवढ्याच पैशांत नवा घेतला तर मऊ लाकडावर चकाकता प्लॅस्टिकचा कागद मिळतो आणि वाकणारे स्टँड मिळतात. वापरलेला घेतला तर त्याच पैशांत वरच्या दर्जाचा मिळतो — कडक लाकूड, जाड लोखंड, कानाला न टोचणाऱ्या झांजा. नवेपणाचे पैसे पहिल्याच महिन्यात उडून जातात, लाकूड राहतं. सल्ला चुकीचा नव्हता. हीच तर त्यातली ओंगळ गोष्ट. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

"मामा म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार," मुक्ता म्हणाली.

इंदिरानगरमधल्या एका गृहस्थांचा ऑर्केस्ट्रा बंद पडला होता. त्यांचा सेट विकायचा होता. मधाच्या रंगाचं उघडं लाकूड, वर फक्त पॉलिश. मी तो तपासला. तपासला म्हणजे — प्रयोग केला. प्रत्येक ड्रमवर टिचकी मारली, कान लावला, स्क्रू फिरवले आणि प्रत्येक वेळी सगळ्यांकडे बघून काहीतरी समजावून सांगितलं. फक्त एक जागा राहिली. मोठा बेस ड्रम जमिनीवर आडवा असतो. त्याच्या पाठीवर एक लोखंडी पट्टी स्क्रूने बसवलेली असते आणि दोन छोटे ड्रम तिच्यावर उभे असतात. सगळा भार त्या पट्टीवर. ती काढून खाली बघायला हवं होतं. पण मी तेव्हा लाकडाच्या जातीबद्दल बोलत होतो, आणि दाजी मान डोलवत होते — कोण थांबतो हो अशा वेळी? ते गृहस्थ भले होते. म्हणाले, दसरा होऊ द्या, वाजवून बघा, नाही पटलं तर परत आणा.

खंडेनवमीच्या सकाळी पॉलिहाउसशेजारच्या खोलीत मुक्ताने सेट मांडला. पूजेआधी पुसून घ्यावा म्हणून मी फडकं घेतलं. पट्टीखाली मळ दिसला, म्हणून ती सैल करून सरकवली. आणि नख अडकलं.

बोटभर चीर. स्क्रूच्या भोकापासून मागे गेलेली. कुणीतरी डिंक भरून वरून पॉलिश मारलं होतं. तुमच्या नजरेला ती लाकडाची रेघ वाटली असती. माझ्या नखाला वाटली नाही.

एक वाक्य पुरलं असतं. "दाजी, माझ्याकडून बघायचं राहिलं." दाजी बाहेर पंप धूत होते, हाकेच्या अंतरावर. सेट परत गेला असता, दुसरा आला असता. ते मला काही बोलले असते? नाही. त्यांचा तो स्वभावच नाही. पण कदाचित ते हसले असते — किंचित, आणि दुकानातला तो निळा सेट त्यांना आठवला असता. ते एक न झालेलं हसू मला सहन होईना. थाटामाटाची टर उडवणाऱ्या माणसाचा स्वतःचा थाट किती मोठा असतो, हे त्या क्षणी मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी पट्टी जागेवर आणून स्क्रू आवळले.

तरी चिरेचं टोक पट्टीबाहेर डोकावत होतं.

तेवढ्यात ताई ताम्हन घेऊन आली. वाटीत पाण्यात कालवलेलं कुंकू. असल्या गोष्टींवर मी एरवी काय बोलतो हे तिला माहीत होतं, त्यामुळे तिने मला विचारलंच नाही, मुक्ताला विचारलं, "कुठं काढू गं स्वस्तिक? पुढच्या अंगाला काढू?"

मी बोट ठेवलं. "इथं काढ, ताई. वरती. इथं शोभेल."

"अगं बाई! तू कधीपास्नं शोभा बघायला लागला?" ताई म्हणाली. पण तिचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांनी धाकट्या भावाने पूजेत मन घातलं होतं. तिने बोट बुडवून सावकाश, मनापासून स्वस्तिक काढलं — चिरेवर. दाजींनी झेंडूची माळ घातली. मुक्ताने सेटला हात जोडले.

लाल रंग लावून चिरा उघड्या करण्याचा मी आयुष्यभर पगार घेतला. त्या दिवशी तोच रंग मी चीर झाकायला वापरला, आणि तोसुद्धा बहिणीच्या बोटाने.

नंतर गुपचूप दुरुस्त करून घेऊ, असं मी मनाशी म्हटलं होतं का? म्हटलं असेल. केलं नाही, एवढं खरं.

हिवाळ्यात कॉलेजचं गॅदरिंग झालं. दुपारची वेळ, मांडव गच्च, प्रमुख पाहुण्यांना पुढे सोफा. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मुक्ताने आपल्या सेटवर सुरुवात केली आणि गोंगाट करणारी पोरं हळूहळू गप्प झाली. एवढं मी तुम्हाला सांगू शकतो — ती वाजवत होती तेव्हा मांडवात कुणी मोबाइल बघत नव्हतं. मग तिचा एकटीचा तुकडा आला. तो रंगात येत होता, आणि पट्टी उखडली. एक ड्रम तिच्या गुडघ्यावर आदळला. दुसरा स्टेजवरून घरंगळत खाली पडला आणि थेट सोफ्यापाशी जाऊन थांबला. पाहुण्यांनी पाय वर घेतले.

"ए ताई, हळू! कॉलेज पाडती का काय!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळा मांडव हसला. मुक्ता दोन्ही काठ्या हवेत धरून तशीच बसली होती.

स्टेजमागे सगळे तिच्या गुडघ्याभोवती जमले. मी ड्रमपाशी गेलो. लाकडाचा एक टवका पट्टीसकट निघाला होता. ताजं मोडलेलं लाकूड आतून पांढुरकं असतं. हे होतंही तसंच — बोटभर कड सोडून. ती कड लाल होती. आतपर्यंत लाल. स्वस्तिकाचं पाणी चिरेत मुरलं होतं. माझ्या खात्यातल्या कालच्या पोराने तो टवका बघून सांगितलं असतं की पूजा झाली तेव्हा चीर इथे होती.

मी तो टवका पट्टीवरून सोडवून खिशात घातला. आणि घरी पोचल्यावर, मोरीत उभं राहून, कड पांढरी होईस्तोवर पॉलिश पेपरने घासली. घाईत नाही. नीट. कामाची सवय होती.

मग ताईकडे गेलो. मुक्ताच्या गुडघ्यावर हळदीचा लेप होता. दाजींनी विचारलं, "शशीराव, तुम्ही तर लय पारखून घेतला व्हता. काय झालं आसंल?"

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि घरात जाणकार मी एकटाच होतो.

मी म्हणालो, "सेटमध्ये काही दोष नव्हता, दाजी. हात जड आहे तिचा."

झालं. हेच ते. एवढ्यासाठी तुम्हाला इथवर आणलं. ती चीर नव्हे, तो पॉलिश पेपरही नव्हे — ही चार शब्दांची गोष्ट.

मुक्ताने हात उलटे केले आणि तळव्यांकडे बघितलं. माझ्याकडे नाही. माझ्याबद्दल शंका घ्यायचं तिच्या मनातच आलं नाही. "सॉरी पप्पा," ती म्हणाली. "पुढं हळू वाजवीन." दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे. नाय वाजवला तरी चालंल."

सेट मी दुरुस्त करून आणला. जोड पक्का केला. पण ती हळूच वाजवू लागली. काठी खाली यायची आणि टेकण्याआधी बिचकायची. तिच्या सरांनी तिला विचारलं म्हणे, तुझा ठोका कुठे गेला? पुढच्या खंडेनवमीला सेटची पूजा झाली, पण तो वाजला नाही. मग त्याच्यावर हिरवी शेडनेट पडली. शेवटी तो एका बँडवाल्याला विकला, तेव्हा व्यवहार मीच केला — आणि पट्टी काढून त्याला जोड दाखवला. तिऱ्हाइताला खरं सांगणं सोपं असतं. ते तर मी तुमच्यासमोर करतोच आहे.

मुक्ता आता शहरात असते. नोकरी, संसार, एक मुलगी. कपाटाचं दार लावताना ती ते शेवटपर्यंत हाताने धरून नेते. कप ठेवते तेव्हा बशी वाजत नाही. लोक तिचं कौतुक करतात — किती शांत बाई.

यंदा दिवाळीत ताईकडे सगळे जमलो होतो. मुक्ताच्या मुलीने चिवड्याचा रिकामा डबा पालथा घातला आणि चमच्याने वाजवायला लागली. लहान मूल वाजवतं तसंच, अगदी सुटं सुटं. आणि मग मधेच एक ठोका असा पडला की माझा घास तोंडात थांबला. तो आधीपासूनच तिथे होता.

मुक्ताने उठून तिची मनगटं धरली. रागाने नाही — नाक किंवा केस कुणावर गेलेत हे सांगावं तितक्या मायेने.

"हळू, बाळा," ती म्हणाली. "आपला हात जड आहे."

मी समोरच बसलो होतो. थांबलेला घास गिळला. पोरीने चमचा खाली ठेवला — आवाज न होऊ देता.