मंदानं सांगतलेली जानकी

खोटं सांगतलं तिनं मले. एक धडा नाही, दोन नाही, तिच्या वाट्याचे सगळेच्या सगळे धडे खोटे सांगतले, अन् मी ते पेपरात लिहून आली.

हिंदीत नापास.

गणितात पास, हिंदीत नापास. घरचे अजून हसतात.

आज मंदाची बरसी, जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मंदा आमच्या बाजूच्या क्वार्टरमधली. दोघींची भिंत एक. मी पाचवी शिकलेली, ती सातवी. तिचे मिस्टर, म्हणजे आमचे भाऊजी, अन् आमचे हे, दोघंही इथं दुर्गजवळच्या स्टील प्लांटमधी.

पोरं मोठी झाली अन् तिच्या डोक्यात आलं, ओपन स्कूलमधून दहावी करू.

"शोभे, फॉर्म भरला तुझा."

"मले विचारलं?"

"विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं तू."

पुस्तक दोघींत एकच घेतलं, सिविक सेंटरच्या बाजारातून. वेळ कोणालेच नाही. म्हणून वाटणी केली. एक धडा तिनं वाचायचा, एक मी. दुपारी हे लोक सेकंड शिफ्टले गेले की मागच्या अंगणात बसून एकमेकीले सांगायचा. हिंदीतला धडा मराठीत, हातात मेथीची जुडी.

मी दोन मिनिटात सांगून मोकळी. ती सुरू झाली की थांबे नाही.

"अवं आटप ना, कुकर लावायचा आहे मले."

"कुकर पळून नाही जाऊन राहिला. ऐक."

त्यातच तिनं मले नौकरी पाहून दिली. कोहक्यात एक प्रायव्हेट शाळा. लायब्ररी सांभाळायले बाई पाहिजे म्हणे. मी इस्त्रीची साडी नेसून गेली.

लायब्ररी म्हणजे एक कपाट. त्याले कुलूप. किल्ली प्रिन्सिपल मॅडमच्या पर्समधी.

माझं काम नर्सरीच्या लेकरांले बाथरूमले नेणं, नाकं पुसणं, डबे उघडून देणं. लेकरं चांगली आहेत, त्यांचं काही नाही. पण मले पुस्तकांचं सांगतलं होतं.

पहिल्या दिवशी घरी आली तर मंदा फाटकातच उभी.

"कसं आहे वं?"

"बरं आहे."

अन् मी आत गेली.

त्याच हप्त्यात तिनं जानकीचा धडा सांगतला. जानकी खेड्यातली, शिकलेली. शहरात ऑफिसमधी नौकरी लागते. क्लार्क म्हणून घेतात अन् दिवसभर साहेब लोकांचं पाणी भरायले लावतात.

"मग?" मेथी माझ्या हातातच राहिली.

"मग काय. जानकीनं पाण्याचा जग साहेबाच्या टेबलावर आदळला. म्हणे, खुद भर लो. अन् चालली गेली. गावात पोरींची शाळा काढली. साहेबाची पोरगी तिथंच शिकायले आली."

"असं आहे पुस्तकात?"

"तर मी काय माहेरून आणलं?"

पेपरच्या महिनाभर आधी मंदा गेली. डोकं दुखून राहिलं म्हणाली, दुपारी पडली, उठलीच नाही. मी भिंतीवरून चहाले हाका मारून राहिली होती.

तेरवीले मी पंगत वाढली. रडली नाही. बाया माझ्याकडे पाहत होत्या. मले काहीच होऊन नाही राहिलं होतं.

आताही नाही.

फीस भरली होती म्हणून दुर्गले जाऊन पेपर दिला. माझ्या पुढचा नंबर तिचा. बेंचवर चिट चिकटवलेली होती.

प्रश्न आला, जानकी ने माँ से क्या कहा?

आई तर मंदानं सांगतलीच नव्हती! मी टेबलाचं लिहिलं, शाळेचं लिहिलं, साहेबाच्या पोरीचं लिहिलं. सप्लिमेंट मागून लिहिलं.

नापास झाल्यावर पुस्तक उघडलं. जानकी दिवाळीत घरी येते. आई विचारते, नौकरी कैसी है. जानकी म्हणते, अच्छी है. अन् कणीक मळायले बसते.

धडा संपला.

मग तिच्या वाट्याचे बाकीचेही वाचले. कोणाचं शेत जाते, कोणाचा पोरगा परत येत नाही. लोक मरतात. मंदाच्या तोंडून कोणी मेलंच नव्हतं.

आज बरसीचं जेवण होतं. भाऊजींले विचारलं, "भाऊजी, मंदाले हिंदी नीट वाचता येत होतं ना?"

"येत होतं म्हणजे? मले अख्खा धडा वाचून दाखवे. मग म्हणे, हे असं शोभाले नाही सांगत मी. ती शाळेतून तोंड पाडून येते अन् बरं आहे म्हणते."

मी पुऱ्यांची परात धरून उभी होती.

"बरं," म्हटलं. अन् वरण आणायले गेली.

लोक विचारतात, आठवण येते का. मले राग येते. दुसरं काही येऊन नाही राहिलं. अवं, मले सांगायचं होतं ना. मी काय लेकरू होती?

पुढच्या महिन्यात हिंदीचा पेपर परत आहे. या वेळी सगळे धडे माझे मीच वाचले. शाळेत एका दिवसाची सुट्टी मागितली तर मॅडम म्हणाल्या, "इस उमर में कौन सा पेपर? जाना है तो फिर आना मत."

मंदे, तुले नमस्कार. खालचा फोटो तुझाच आहे, हसताना डोळे मिटले तुझे, पण दुसरा नाही माझ्याजवळ.

अन् मॅडम, तुम्ही माझ्या फ्रेंड लिस्टमधी आहात. मराठी येत नाही म्हणता, पण आम्ही बाया डबा खाताना काय बोलतो ते सगळं समजते तुम्हाले. म्हणून इथंच विचारते, सगळ्यांसमोर. मले पेपरही द्यायचा आहे अन् नौकरीही पाहिजे. घरात पैसा लागते.

सुट्टी देता का नाही?

शनिवारी शाळा सुटायच्या आत सांगा.