तीन दिवस कुंपणाबाहेर

शनिवार, ११ मे २०२४, पहाटेचे पाच वाजून वीस मिनिटे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, आटोपून मी माझ्या गावाहून, कोरीटहून, नवापूरला कामावर परत निघालो होतो. अंगणात आईची एक कोंबडी सुतळीत पाय गुंतून फडफडत होती. आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे, तिला आता वाकवत नाही. ती म्हणाली, "आबा, सोडी दे रे तिले. मन्हाघाई वाकाय नही." मी पिशवी खाली ठेवली, कोंबडी काखेत धरली, सुतळी सोडवली आणि बस गाठली.

कोरीटला राहिलेल्यांना यात लिहिण्यासारखे काही दिसणार नाही. माझ्यासारखे गाव सोडून पोल्ट्रीत कामाला लागलेले मात्र येथेच थांबतील.

मी वयाच्या एकावन्नाव्या वर्षी गाव सोडले. जमीन दोन भावांना पुरणारी नव्हती आणि धाकट्याची मुले लहान होती. निघताना आई इतकेच म्हणाली, "जाय, पन मान खाले घालीसन येवू नको." वडील त्यापूर्वीच गेले होते. त्यांनी आम्हाला काम असे कधी सांगितले नाही. पाटाचा बांध फुटला की ते स्वतः चिखलात उतरत. काठावर उभे राहणे मग आम्हालाच जमत नसे. शेतातून मी बरोबर आणले ते एवढेच.

बॅच, लसीकरण, बायोसिक्युरिटी हे शब्द मी पन्नाशीनंतर शिकलो. कोरीटला कोंबडी चुलीपर्यंत येते आणि तिचे कोणाला काही वाटत नाही. येथे नवापूरच्या पोल्ट्रीत कामगाराने घरी कोंबडी पाळायची नाही. गावठी कोंबडीला हात लागला तर तीन दिवस कुंपणाच्या आत यायचे नाही. धडधाकट दिसणारी कोंबडीही रोग देऊन जाते, आणि एका शेडमध्ये रोग शिरला की आजूबाजूच्या सर्वांवर पाळी येते. शेडची देखरेख माझ्याकडे आहे आणि या नियमाची पाटी फाटकावर माझ्याच अक्षरात आहे. दोन वर्षांपूर्वी रमेश गावित या कामगाराला मी याच नियमाने बाहेर ठेवले होते. त्याच्या चपलेला पीस चिकटलेले होते. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही.

नंदुरबारला रेल्वेत बसल्यावर माझ्या बाहीवर तांबडे पीस दिसले.

त्याच दिवशी एक दिवसाची चार हजार पिल्ले यायची होती. पिल्लांचा पहिला दिवस मी कधी दुसऱ्यावर सोडलेला नाही. उष्णता, गारठा किंवा पाणी यांपैकी एकात चूक झाली तर संध्याकाळी मेलेली पिल्ले टोपल्यांनी उचलावी लागतात. पीस मी खिडकीतून टाकून देऊ शकत होतो. ते कागदात गुंडाळून खिशात ठेवले.

फाटकाशी उभा राहून मालकांना फोन केला.

"काका, साबण लावून अंघोळ करा आणि जा आत. तुम्हाला कोण अडवतंय?"

"कोणी अडवणार नाही. पाटी मी लिहिली आहे."

"आणि पिल्लं?"

"रमेश पाहील."

"मेली तर?"

"मला विचारा."

कामावर येणारे सहाही जण फाटकाबाहेरच थांबले होते. त्यांना मी झाले ते सांगितले आणि पीस दाखवले. रमेश पिसाकडे पाहत राहिला.

"मला तर तुम्ही एका पिसावरून घालवलं होतं, काका. तुम्ही अख्खी कोंबडीच काखेत घेतली?"

सगळे हसले. मी "हो" म्हणालो.

तेवढ्यात चंपाबाईंनी आपली डब्याची पिशवी माझ्या पिशवीशेजारी आणून ठेवली. त्या शेडमध्ये पिल्लांखाली भाताचे तूस पसरण्याचे काम करतात.

"मी पण काल माहेरी कोंबडं धरलं होतं. सांगणार नव्हते."

"का?"

"दरवर्षीच धरते, काका."

त्यांच्यामागून सहांपैकी दिलीपही बाजूला आला. पाटी लावून बारा वर्षे झाली आहेत. नियम पाळला जातो, असे मी बारा वर्षे समजत होतो. आत चौघेच गेले.

साडेनऊला पिल्लांची गाडी आली. मी कुंपणाबाहेर निंबाखाली बसलो. तेथून शेडची जाळी दिसते, पिल्ले दिसत नाहीत. जाळीआडून रमेशचे वाकणे-उठणे तेवढे कळत होते; एकेका पिल्लाची चोच गूळपाण्यात बुडवून तो त्याला खाली सोडत होता. मी न सांगता त्याने घाई टाळली. बाराच्या सुमारास ऊन चढले तेव्हा तो जाळीशी आला.

"काका, दिवे किती ठेवू?"

उत्तर माझ्या तोंडात होते. मी म्हणालो, "मला येथून दिसत नाही. पिल्लांना विचार."

पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते. कडेला पळून चोच उघडी ठेवली तर उकडते. तो आत गेला. थोड्या वेळाने निम्मे दिवे मालवले गेले, पश्चिमेचा पडदा खाली आला, त्यावर ओली पोती पडली. तीन वाजता तो पुन्हा आला. या वेळी विचारायला नव्हे, सांगायला. पिल्ले सगळीकडे सारखी पसरली होती.

सायंकाळी त्याने आकडा सांगितला. अकरा मेली होती. माझ्या हातून पहिल्या दिवशी याहून कमी कधी गेलेली नाहीत. हे मी त्याला इतरांसमोर सांगितले.

घर कोणते, असे दोन्हीकडचे लोक मला विचारतात. कोरीटला आई बोलली की माझा हात न विचारता पुढे होतो. तो तसाच होऊ द्यावा, असे माझे मत आहे. नवापूरला त्या हाताचा हिशेब सहा जणांपुढे द्यावा लागतो. तो देता आला त्या दिवशी मी येथला झालो. त्याला सोळा वर्षे लागली. जे गाव सोडून आले आहेत त्यांनी आपले घर कोणते ते भाड्याच्या खोलीवरून ठरवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लसीसाठी आतले औषधांचे कपाट उघडावे लागणार होते आणि त्याची किल्ली माझ्या खिशात होती. संध्याकाळी सात वाजता ती फाटकाशी ठेवलेल्या जंतुनाशकात बुडवली, दहा मिनिटे तशीच ठेवली, चिमट्याने उचलली आणि कुंपणावरून रमेशच्या हातात सोडली.